पीएम किसानची फाइल उघडली अन् खातं रिकामं. शेतकऱ्याची माहिती आहे तरी कुणाकुणाकडं?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. हरभऱ्याची पेरणी उरकत आलेली आणि गावात सगळ्यांचं लक्ष पीएम किसानच्या हप्त्याकडं लागलेलं. अतिवृष्टीनं सोयाबीन गेलं, कापूस काळा पडला, त्यामुळं यंदा दोन हजारालाही पाच हजाराची किंमत आलेली. अशात एका रात्री आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाइल येऊन पडली. नाव ‘पीएम किसान योजना’ आणि शेवटी टिंब देऊन ‘एपीके’. पाठवणारा कुणी परका नव्हता. गावातलाच, रोज सकाळी सुविचार टाकणारा माणूस.

आमच्या भावकीतल्या आबांनी ती उघडली. आबांचं वय एकसष्ट, शाळा सातवीपर्यंत, पण व्यवहाराला पक्के. बाजारात बैल घेताना दात मोजून घेणारा माणूस. फोननं चार वेळा परवानगी मागितली, आबांनी चार वेळा दिली. आधार नंबर टाकला, मोबाइल नंबर टाकला. ‘केवायसी’साठी एक रुपया भरायला सांगितला म्हणून एटीएम कार्डावरचे आकडे टाकले. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं आणि आबा झोपले. पहाटे तीन ते साडेतीनच्या दरम्यान खात्यातून तीन वेळा पैसे गेले. एकूण ४७ हजार ५००. अतिवृष्टीचं अनुदान आणि उरल्यासुरल्या सोयाबीनच्या पट्टीचे पैसे.

मेसेज आलाच नाही. चौथ्या दिवशी विहिरीवरची मोटार जळाली, रिवाइंडिंगला पैसे काढायला आबा बँकेत गेले तेव्हा कळलं.

गावात आता सगळे म्हणतात, “आबांनी उघडायलाच नको होती.” बरोबर आहे. पण आबा मला जे म्हणाले ते जास्त महत्त्वाचं वाटलं. फाइल यायच्या दोन दिवस आधी त्यांना फोन आला होता. समोरच्यानं त्यांचं नाव वडिलांच्या नावासकट घेतलं, गाव सांगितलं, पीक कर्ज कुठल्या बँकेचं आहे तेही सांगितलं. “तुमचा हप्ता केवायसीमुळं अडकलाय, दोन दिवसांत फाइल येईल, भरून टाका.” आबा मला म्हणाले, “अरे, माझं सगळं त्याला माहीत होतं. सरकारचाच माणूस असंल असं वाटलं. चोराला माझ्या कर्जाचं कसं माहीत?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. महिनाभर जमेल तसा मी त्याच्या मागं लागलो. जे सापडलं ते मांडतो.

घराला दार आहे, माहितीला नाही

आधी नाव. पीएम किसानच्या सरकारी संकेतस्थळावर लाभार्थ्यांची यादी गावनिहाय बघता येते. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावातल्या लाभार्थ्यांची नावं समोर येतात. त्याला ना पासवर्ड लागतो ना ओळखपत्र. मी पालमच्या बसस्टँडवर चहा पिता पिता आमच्या गावाची यादी काढून बघितली, दोन मिनिटंही लागली नाहीत.

मग कर्ज. सातबारा ऑनलाइन आहे, ही चांगलीच गोष्ट आहे, तलाठ्याच्या मागं फिरणं कमी झालं. पण सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा लिहिलेला असतो. कोणत्या बँकेचा, किती रुपयांचा. म्हणजे आबांचं पीक कर्ज कुठलं आहे हे कळायला चोराला बँक फोडायची गरज नाही. सातबारा वाचता आला तरी पुरे.

राहिला मोबाइल नंबर. आमच्या गावच्या ग्रुपला लिंकवरून कुणालाही शिरता येतं. साडेचारशे लोक आहेत, त्यातल्या किमान चाळीस जणांना मी ओळखत नाही. ग्रुपमध्ये एकदा आलं की सगळ्यांचे नंबर दिसतात, बऱ्याच जणांनी नावाची पाटीही लावलेली असते. यादीतलं नाव आणि ग्रुपमधलं नाव जुळवायला पोराटोरालाही जमेल.

या तिन्ही गोष्टी कायद्यानं उघड्या आहेत किंवा आपणच उघड्या ठेवल्यात. याला चोरी म्हणताही येत नाही.

आता त्याच्या पुढचं. अनुदानाच्या याद्या ग्रुपवर पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम, व्हीके नंबर. काही याद्यांत पूर्ण खाते नंबर आणि आधारचे बाराच्या बारा आकडे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेत. ती यादी झेरॉक्सवाल्याकडं जाते, सेवा केंद्रावर जाते, पुढाऱ्याच्या पोराच्या फोनमध्ये जाते. आणि एक कबुली द्यायची तर मीही यातला आहे. मागं एकदा बातमीसोबत अशाच एका यादीचा फोटो मी याच पोर्टलवर टाकला होता. यादी टाकली की बातमी जास्त वाचली जाते. आबांचं प्रकरण झाल्यावर तो फोटो आठवला, संपादकांना फोन करून काढायला लावला. तोपर्यंत किती जणांनी उतरवून घेतला असंल, कुणाला माहीत.

२०२२ सालची एक गोष्ट आपल्याकडं फारशी कुणी छापली नाही. अतुल नायर नावाच्या सुरक्षा संशोधकाला पीएम किसानच्या संकेतस्थळावरच एक भोक सापडलं. डॅशबोर्डच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार नंबर बाहेर दिसत होते. त्या वेळी योजनेत ११ कोटींहून जास्त शेतकरी नोंदलेले होते. त्यानं जानेवारीत सरकारी यंत्रणेला कळवलं, भोक बुजलं मे महिन्याच्या शेवटी, आणि जूनमध्ये ‘टेकक्रंच’नं बातमी दिली. चार महिने ते उघडं होतं. त्या काळात कुणी नंबर उतरवून घेतले का, यावर तुम्हाला मला एक साधा मेसेजही आला नाही. हप्ता जमा झाल्याचा मेसेज मात्र न चुकता येतो.

फाइल नेमकं करते काय

एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवायची फाइल. प्ले स्टोअरमधून ॲप घेतलं तर निदान थोडी तपासणी झालेली असते. व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके म्हणजे रस्त्यावर भेटलेल्या माणसाला घराची किल्ली देणं. फोटो, पीडीएफ, व्हिडिओ उघडल्यावर फोन परवानग्या मागत नाही. एपीके मागते. हा फरक आबांना आधी कुणी सांगितला नव्हता.

पहिली परवानगी ‘अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवू का’ ही. नंतर मेसेज वाचण्याची. एकदा मेसेज वाचायची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी चोराच्या फोनवर पोचतो. तुमच्या फोनवरचा मेसेज पुसलाही जातो. आबांना मेसेज का आला नाही, याचं उत्तर हे. त्यानंतर चोर व्हॉट्सॲप स्वतःच्या फोनवर सुरू करतो, त्याचाही ओटीपी त्यालाच मिळतो, आणि तीच फाइल तुमच्या नावानं तुमच्या सगळ्या ग्रुपवर जाते. सुविचारवाल्या माणसाचं तेच झालं होतं. तो बिचारा आठ दिवस शिव्या खात होता. नंतर कळलं, त्याचेही अकरा हजार गेले होते, पण लाजेनं बोलला नाही.

हे एकट्यादुकट्याचं काम नाही. झिंपेरियम नावाची मोबाइल सुरक्षेवर काम करणारी कंपनी आहे. तिच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतातल्या अशाच एका टोळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. बँकांच्या आणि सरकारी योजनांच्या नावाची जवळपास ९०० बनावट ॲप त्यांना सापडली, सगळी एकाच धाटणीची, व्हॉट्सॲपवरून पसरवलेली. पकडलेले ओटीपी पुढं पाठवायला सुमारे हजार मोबाइल नंबर वापरले होते, त्यातले बरेच पश्चिम बंगाल, बिहार आणि झारखंडमधले. आणि खरी गंमत पुढं आहे, गंमत म्हणवत नाही पण तरी. चोरांनी लुटलेली माहिती इंटरनेटवर ज्या ठिकाणी साठवली होती, त्याला कुलूपच लावलं नव्हतं. अडीच जीबी माहिती, सुमारे ५० हजार लोकांचे मेसेज, कार्ड नंबर, ओळखपत्रं, कुणीही उघडून बघावं अशी पडलेली. म्हणजे एका चोरानं नेलेला माल दहा चोरांना फुकट. एकदा लुटला गेलेला माणूस पुन्हा पुन्हा का सापडतो, त्याचं हे एक कारण.

ॲपचं नाव हंगामाप्रमाणं बदलतं. आरटीओचं चलान, वीज बिल, लग्नपत्रिका. लग्नसराईत पत्रिका. शेजारच्या हिंगोलीत ऑगस्टमध्ये एका सरकारी कर्मचाऱ्यानं अशी पत्रिका उघडली आणि १ लाख ९० हजार गेले, ती बातमी तुम्ही वाचली असंल. शिकलेला, नोकरीवाला माणूस होता. तेव्हा ‘अडाणी शेतकरी फसतो’ हे म्हणणं सोडून द्या. देशभरात २०२३ साली सायबर फसवणुकीत लोकांचे ७ हजार ४६५ कोटी गेले आणि २०२४ साली २२ हजार ८४५ कोटी. ही आकडेवारी गृह मंत्रालयानं लोकसभेत दिलेली आहे. एका वर्षात तिप्पट.

२०२५ च्या शेवटी लाडकी बहीणच्या ई-केवायसीची घाई चालू होती, ३१ डिसेंबरपर्यंत मुदत होती. त्या नावाची बनावट संकेतस्थळं निघाल्याच्या बातम्या मागंच येऊन गेल्या. आमच्याकडच्या एका सेवा केंद्रावर सकाळी सात वाजता बायांची रांग लागलेली असायची. आत एक पोरगा, त्याच्या टेबलावर आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा. ज्या चुकल्या त्या टेबलाखालच्या खोक्यात. त्या खोक्याचं पुढं काय होतं, असं मी विचारलं. म्हणाला, “भेळवाला नेतो.”

अंगठ्याचं प्रकरण

एपीकेमध्ये निदान आपण काहीतरी दाबतो. अंगठ्याच्या चोरीत तेही लागत नाही.

गावोगावी बँक मित्राकडं, सेवा केंद्रावर अंगठा लावून पैसे निघतात. एका वेळी १० हजारांपर्यंत. याला एईपीएस म्हणतात. बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा, एवढ्यावर काम होतं. ओटीपी नाही, पिन नाही. म्हाताऱ्या माणसाला, निराधारच्या पगारावर जगणाऱ्या बाईला ही सोय देवासारखी आहे, यात वाद नाही. तालुक्याच्या बँकेत जायचं तर दिवस मोडतो आणि भाड्याचे पैसे जातात.

पण अंगठा चोरता येतो. २०१८ साली तेलंगणात एका मोबाइल सिम विकणाऱ्यानं नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून जमिनीचे दस्त उतरवून घेतले. दस्तावर लोकांचे अंगठे होते आणि आधार नंबरही. रबरी शिक्के बनवायच्या मशीनवर त्यानं त्या अंगठ्यांचे ठसे बनवले आणि हजारो सिमकार्ड सुरू केली. तेव्हा प्रकरण सिमचं होतं. पुढं हीच युक्ती वेगवेगळ्या राज्यांत पैसे काढायला वापरली गेली. आधार प्राधिकरणानं २०२३ मध्ये बोट जिवंत आहे की नकली ठसा आहे हे तपासणारी नवी पद्धत सुरू केली, मशीनही बदलायला लावली. १ जानेवारी २०२६ पासून रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला. अंगठ्यावर पैसे देणाऱ्या प्रत्येक चालकाची बँकेनं नीट ओळख तपासायची आणि तो तीन महिने बंद राहिला तर पुन्हा तपासायची. चांगला नियम आहे. पण आमच्याकडं एकाच्या नावावरचं मशीन दुसराच चालवतो, ते कोण बघणार?

शहरातले जाणकार सांगतात, आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून होतं, फुकट आहे. मी स्वतःचं केलं. आईचं करायला गेलो तर ती म्हणाली, मग रेशनचं काय? रेशन दुकानावर अंगठा लागतो. लॉक केलं की अंगठा चालणार नाही, दर महिन्याला आधी उघडायचं, मग रेशन घ्यायचं, मग परत लावायचं. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल हाताशी पाहिजे, आणि आईच्या आधारला नंबर जोडलाय तो माझ्या पुण्यातल्या भावाचा. म्हणजे ज्याला कुलपाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ते लावता येत नाही.

तरीही ज्यांचा अंगठा रोजच्या कामात लागत नाही त्यांनी लॉक जरूर करावं. आणि आपला आधार कुठंकुठं वापरला गेला याची मागच्या सहा महिन्यांची नोंद आधारच्या संकेतस्थळावर दिसते, ती घरातल्या पोराला सांगून एकदा बघा. मी बघितली तर मला न आठवणाऱ्या दोन नोंदी निघाल्या. एक खताच्या पॉस मशीनची होती, ती नंतर आठवली. दुसरी अजून आठवली नाही.

कायदा कुणाच्या बाजूनं

पाळत म्हटलं की आपल्याला पेगासस आठवतं, दिल्लीतले पत्रकार आणि पुढारी आठवतात. आपल्या बांधावर कोण पाळत ठेवणार, असं वाटतं. पण जरा मोजून बघा. ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो आणि शेताची जागा. महाडीबीटीत जात, उत्पन्न, बँक. पीक विम्यात पुन्हा सगळं. आणि आता ॲग्रिस्टॅकचा फार्मर आयडी. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी तो सक्तीचा झालाय. आधार, जमीन आणि पीक एका नंबरखाली. अतिवृष्टीच्या मदतीत ज्यांच्याकडं हा आयडी होता त्यांना ई-केवायसीचा हेलपाटा वाचला, हे मी बघितलंय. सोय आहे. पण शेतकऱ्याचं सगळं आयुष्य एका कपाटात आलं की कपाट फोडणाऱ्याचीही सोय होते.

२०२१ साली ॲग्रिस्टॅकच्या सुरुवातीला केंद्रानं सहा राज्यांतल्या १०० गावांच्या प्रयोगासाठी मायक्रोसॉफ्टशी करार केला होता. तेव्हा अनेक शेतकरी आणि नागरी संघटनांनी विचारलं होतं की आमची माहिती खासगी कंपनीला कशाच्या आधारावर देता, अजून तर माहिती संरक्षणाचा कायदाही नाही. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, त्यामुळं आपल्याकडं चर्चाही झाली नाही.

कायदा नंतर आला. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम निघायला आणखी दोन वर्षं लागली, १४ नोव्हेंबर २०२५. योगायोग बघा, आबांचे पैसे गेले त्याच आठवड्यात. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवलंच पाहिजे, असं कायदा म्हणतो. पण हा भाग लागू व्हायला दीड वर्ष आहे, म्हणजे २०२७ चा मे महिना. दंड २५० कोटींपर्यंत आहे, आकडा मोठा वाटतो. तो जमा होणार सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई द्यायची तरतूद या कायद्यात नाही. शिवाय सुरक्षेच्या कारणासाठी आपल्याच यंत्रणांना सूट द्यायचा अधिकार केंद्रानं स्वतःकडं ठेवलाय.

एक कलम मात्र लगेच लागू झालं, आणि ते माझ्यासारख्या बातमीदाराला झोंबणारं आहे. या कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित असेल किंवा मोठं जनहित असेल तर या कलमातही ती देता येत होती. आता ‘वैयक्तिक आहे’ एवढं म्हटलं की अर्ज परत करता येतो. जनहिताचं दुसरं कलम शिल्लक आहे, पण ते वापरायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. म्हणजे उद्या मी ग्रामपंचायतीत विचारलं की घरकुलाच्या यादीत माडीवाल्याचं नाव कसं आलं, तर उत्तर येऊ शकतं, ही वैयक्तिक माहिती आहे. रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेल्या माणसाची हजेरी सापडते ती मस्टर उघडं असतं म्हणूनच.

मला विचाराल तर यादीत नाव, गाव आणि रक्कम उघडी पाहिजे. सरकारचा पैसा आहे, गावाला कळलाच पाहिजे. खाते नंबर, आधार आणि मोबाइल नंबर झाकलेला पाहिजे. एवढी साधी वाटणी आहे. सध्या उलटं होताना दिसतंय. ग्रुपवर आधार नंबरासकट यादी फिरते, आणि कार्यालयात रीतसर अर्ज केला तर खासगीपणाचं कारण मिळतं.

डिसेंबर २०२५ मध्ये संचार साथी ॲपवरून दिल्लीत गोंधळ झाला. प्रत्येक नव्या फोनमध्ये हे सरकारी ॲप आधीच बसवून द्या, असा आदेश दूरसंचार खात्यानं नोव्हेंबरच्या शेवटी कंपन्यांना दिला. ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागं घेतली. ॲप वाईट नाही. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते त्यात दिसतं, हरवलेला फोन बंद करता येतो. मी त्याचं संकेतस्थळ वापरलंय. पण न काढता येणारं सरकारी ॲप सगळ्यांच्या खिशात, हे कुणालाही खटकणारच. व्हॉट्सॲप ज्या सिमवर आहे ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय चालू नये, असाही आदेश तेव्हा निघाला, कंपन्यांना ९० दिवस दिले होते. त्यानं सुविचारवाल्यासारखे प्रकार कमी होतील का, ते बघायचं.

खातं भाड्यानं देणारी पोरं

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, कारण आपल्याच गावच्या पोरांची आहे. आबांचे पैसे ज्या खात्यांत गेले ती परराज्यातली होती. पण तशीच खाती आपल्या तालुक्यांतही आहेत. कॉलेजातल्या पोराला कुणीतरी सांगतं, खातं उघड, पासबुक, कार्ड आणि सिम मला दे, तीन हजार देतो. पोराला वाटतं, खात्यात आपला रुपया नाही, आपलं काय जातंय. चार महिन्यांनी हैदराबादहून नाहीतर लखनौहून पोलिसांची नोटीस येते. लुटीचा पैसा त्याच्या नावावरून गेलेला असतो. एका घरी मी गेलो होतो, बापानं ऊसतोडीची उचल वकिलाला दिली होती.

आणि याचा फटका निर्दोष माणसालाही बसतो. आठवडी बाजारात शेळी विकली, गिऱ्हाइकानं यूपीआय केलं. तो पैसा कुठूनतरी चोरीचा निघाला की साखळीतल्या पुढच्या खात्यांवरही होल्ड लागू शकतो. शेळी गेली, पैसे अडकले, आणि कुठल्या राज्याच्या पोलिसांना फोन करायचा तेही कळत नाही.

पैसे गेलेच तर

१९३० ला लगेच फोन करायचा, घरच्यांना सांगायच्या आधी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उडत असतात, जितक्या लवकर कळवाल तितके अडकवता येतात. मग बँकेला लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं बँकेत टिकत नाही. फोन विमान चिन्हावर टाकायचा किंवा सिम काढायचं, आणि फाइल बसलेली असेल तर फोन पूर्ण साफ करून घ्यायचा.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्याची तारीख लिहून ठेवा. तुमची चूक नसताना, बाहेरच्या कुणामुळं पैसे गेले आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. बँकेनं दहा कामाच्या दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. अंगठ्याच्या चोरीत हे कामाला येतं. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असंच परिपत्रक लागू झालं. बँकेनं ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा नंबर १४४४८.

एपीकेच्या प्रकरणात मात्र बँक म्हणते, परवानगी तुम्हीच दिली, कार्डाचे आकडे तुम्हीच टाकले. आबांनाही तेच सांगितलं. मी परिपत्रकाची प्रत घेऊन सोबत गेलो होतो. साहेबांनी वाचली, परत दिली, म्हणाले, “हे बरोबर आहे, पण तुमच्या केसला लागत नाही.” पहाटे तीन वाजता एकसष्ट वर्षांच्या शेतकऱ्याच्या खात्यातून अर्ध्या तासात तीन वेळा पैसे जातात, आधी कधी असं झालेलं नाही, तर तुमच्या यंत्रणेला संशय का आला नाही, हा प्रश्न मी विचारला. त्याचं उत्तर वरच्या कार्यालयाकडं मागवतो, असं ते म्हणाले. सतरा नोव्हेंबरचं बोलणं आहे. अजून आलेलं नाही, लोकपालाकडं अर्ज करायची तयारी चालू आहे.

१९३० वरच्या तक्रारीतून ६ हजार २०० रुपये एका खात्यात अडकवल्याचं कळलंय. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागणार, जानेवारीतली तारीख आहे.

पीएम किसानचा एकविसावा हप्ता ठरल्याप्रमाणं १९ नोव्हेंबरला सुटला. आबांचेही दोन हजार आले, त्याच खात्यात. आणखी पैसे जाऊ नयेत म्हणून आम्हीच अर्ज देऊन ते खातं बंद करायला लावलं होतं, त्यामुळं ते काढता येत नाहीत. खातं सुरू करायला पुन्हा केवायसी करावी लागेल, असं बँकेनं सांगितलंय. मोटारीचं रिवाइंडिंग उसनवारीवर झालं. हरभऱ्याला पहिलं पाणी परवा रात्री सुरू केलं.